आधी हवा काढायची

आप्पा, आज लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये गेले होते. डीप फ्रीजची गळकी नळी झाळून जोडायची होती आणि माझा नवा गॅस टॉर्च नुसता फुरफुरत होता. दोनदा भरला, तरी मेला विझतोच! शेवटी पिशवीच्या तळातून तुमचा पितळी टॉर्च काढला. एका खटक्यात पेटला. कँटीनवाल्या मावशी बघतच राहिल्या. "आगं, ह्यो जुनाच बरा हाय की! कुणाचा?" म्हटलं, आमच्या आप्पांचा. "लई जपला आसंल त्यांनी," मावशी म्हणाल्या.

टॉर्च भरायचं तुमचं सोवळंच असायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून आतली हवा सोडायची, मग टॉर्च उलटा धरून गॅस भरायचा आणि नंतर पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात तुमचा चहा व्हायचा. मला त्या पाच मिनिटांचा भारी वैताग यायचा. कोळवणच्या दूधवाल्या काकूंकडे फ्रीजच्या कामाला तुम्ही मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलंत, त्या दिवशी परतीची एसटी गाठायची म्हणून मी हवा न काढताच गॅस कोंबला. ज्योत धड लागत नव्हती, तरी कशीबशी नळी झाळून पळाले. दोन दिवसांत फ्रीज बंद पडला आणि काकूंचं सगळं पनीर नासलं.

तुम्ही जाऊन नळी नीट करून आलात, काकूंची बोलणीही खाऊन आलात. मी भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. "हवा काढली व्हतीस का गं?" एवढंच विचारता. मी वर न बघता म्हणते, "व्हय. टॉर्चच गेलाय, आप्पा." तुम्ही तो एकदा पुसता आणि भंगाराच्या पोत्यात टाकता. इतक्या वर्षांचा हातातला टॉर्च, माझ्या एका शब्दावर.

दुसऱ्या दिवशी मी तो गुपचूप काढला, हवा सोडली, भरला, पाच मिनिटं थांबले. पेटला. तेव्हाच तुमच्याकडे धावत यायला हवं होतं, पण पुन्हा एकटीला कामावर पाठवाल की नाही, या भीतीने गप्प बसले. त्याच्या जागी घेतलेल्या नव्या टॉर्चवर तुम्ही शेवटपर्यंत करवादत होतात, "ह्येला माझा हातच कळंना." मी समोर बसून ऐकायचे. फार लाज वाटते, आप्पा.

हा कागद घडी करून टॉर्चच्या डब्यात ठेवतेय, दुसरीकडे कुठे धाडणार? आणि एक राहिलंच. मावशी "लई जपला आसंल" म्हणाल्या तेव्हा मी आजही, वर न बघता, "व्हय" म्हणाले.