दादाच्या गावाचा नकाशा

बाबा, परवा रविवारी दादाचा फोन आला होता. तो अमेरिकेतलं ते गाव सोडतोय. घर विकायला काढलंय, आता मुलाकडे शहरात जाऊन राहणार आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील, त्यामुळे ही बातमी तुम्हाला द्यायची तशी काही घाई नव्हती. पण फोन ठेवल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय, स्टेशनपर्यंत चालताना, वेलिंग्टनच्या गाडीत, ऑफिसात मीटिंग चालू असताना. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

तुम्ही भूगोलाचे मास्तर, आणि दर जनगणनेला सरकारने हक्काने पकडलेले. खांद्याला झोळी, हातात फॉर्मांचा गठ्ठा, घराघराच्या दारावर आकडे टाकत तुम्ही अख्खा वॉर्ड पालथा घालायचात. दादा अमेरिकेला गेला, तिथेच लग्न केलं आणि महिन्याभराने पत्राने कळवलं, तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पुढच्या जनगणनेत आपल्याच घराचा फॉर्म भरायला तुम्ही स्वयंपाकघरात बसलात, ते मला अजून दिसतं. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही चष्मा पुसताय. आई पाठमोरीच म्हणते, "चार लिहा हो." तुम्ही म्हणता, "जो इथे राहत नाही तो इथे लिहायचा नसतो. नियम आहे." "खड्ड्यात गेला तुमचा नियम. मुलगा आहे तो आपला." तुम्ही तीन लिहिलंत. आईने गॅस बंद केला आणि ती आत निघून गेली. झाल्या होत्या तेवढ्या पोळ्या आपण दोघांनी खाल्ल्या. आईचं रडणं मला ऐकू येत होतं, तरी त्या तिघांत मी होते याचं मला आतून बरं वाटलं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर तुम्ही इकडे वेलिंग्टनजवळ अप्पर हटला आमच्याकडे येऊन राहिलात. सकाळी मी डबे भरत असायचे तेव्हा तुम्ही हीटरजवळच्या खुर्चीत, टेबलावर दोनशे पानी वही उघडून बसलेले. आधी मला वाटलं आठवणी लिहिताय. पाहिलं तर दादाच्या गावाचा भूगोल! स्थान, सीमा, क्षेत्रफळ, नद्या, हवामान, व्यवसाय, लोकसंख्या, सगळं शाळेतल्या क्रमाने. मी ऑफिसातून प्रिंट काढून आणायचे आणि तुम्ही त्यातलं मराठीत उतरवून घ्यायचात. गावाच्या नावापुढे 'बरो' लिहिलेलं असायचं; बरो म्हणजे काय, यावर तुमचे दोन दिवस गेले. "ना खेडं, ना शहर. आपली नगरपंचायत समज," असं शेवटी तुम्हीच ठरवलंत. चारी बाजूंनी एकाच टाउनशिपच्या हद्दीने वेढलेलं, उत्तरेला डोंगराची धार, मधून रेल्वे, दक्षिणेला ओढ्याएवढी नदी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास पुरेल, असा तुमचा हिशोब. माझी सात वर्षांची लेक वहीत डोकावून म्हणाली, "आजोबा, इट्स सो टायनी! माय स्कूल हॅज हीप्स ऑफ पीपल." तुम्ही तिला जुन्या जनगणनांचे आकडे ओळीने दाखवलेत, प्रत्येक आकडा आधीच्याहून लहान. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "लोक गाव सोडून चाललेत, आणि हा तिथे जाऊन बसलाय." इतक्या वर्षांत त्याचा उल्लेख तेवढाच, 'हा' म्हणून.

मला राग यायचा, बाबा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर चांगली रुंद नदी आहे, दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. तुम्ही रोज नदीकाठी फिरून यायचात, पण तुमच्या वहीत अप्पर हटची एक ओळ नव्हती. तुमच्या गोळ्या, तुमचं पथ्याचं जेवण, व्हिसाचे कागद, सगळं मी करायचं आणि तुम्ही अभ्यास करायचा तो त्याच्या गावाचा.

मग इथली जनगणना आली. फॉर्म द्यायला आलेली बाई दारातच "किया ओरा" म्हणाली, इथला माओरी नमस्कार, आणि तुम्ही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आपणही हेच काम केलंय हे सांगून तिला बळेच आत बसवलंत, चहा पाजलात. तिने माणसं विचारली. मी म्हटलं आम्ही तिघं, आणि फादर आहेत, पण ही इज जस्ट व्हिजिटिंग. ती म्हणाली, "डझन्ट मॅटर. त्या रात्री या घरात जो असेल तो मोजायचा. हिज फॉर्म टू." तुम्ही मला मराठीत पुन्हा विचारून खात्री करून घेतलीत. "म्हणजे मी इथला नसलो तरी?" "हो बाबा. जिथे असाल तिथे मोजतात." तुम्ही तो फॉर्म स्वतःच्या हाताने, एक खाडाखोड न करता भरलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नकाशा होता. रेल्वे काळी, नदी निळी, सीमा तुटक रेषेची, आणि मधोमध, दादाचा रस्ता जिथे असेल तिथे, एक लाल ठिपका. खाली मराठीत गावाचं नाव, आणि त्याखाली: 'लोकसंख्येत आमचा एक धरून.' पाकिटात घालून तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. "त्याला पाठव," म्हणालात.

मी ते पोस्टात टाकलं नाही. पहिल्या दिवशी खरंच विसरले. दुसऱ्या दिवशी पोस्टासमोर उभी राहिले आणि पर्स उघडलीच नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "टाकलंस?" मी म्हणाले, "हो." त्यानंतर तुम्ही रोज अकराच्या सुमाराला लेटरबॉक्सपर्यंत जायला लागलात, थंडी पडली तेव्हा कानटोपी घालून. "अमेरिकेची पोस्ट वेळ लावते," मी सांगायचे. महिन्याभराने तुम्ही जाणं थांबवलंत. "नसेल आवडलं त्याला," एवढंच म्हणालात. तेव्हा तरी सांगायचं होतं. हिवाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

दादाने तेव्हा फोनवर विचारलं होतं, "माझ्याबद्दल काही बोलले का?" मी म्हणाले, "तुला माहितीयेत ना बाबा." तो बराच वेळ नुसताच रडत राहिला. त्याच्यामुळे तुम्ही वाट पाहत गेलात असं मी त्याला भासवलं नाही, पण तुम्ही वाट पाहिलीत हेही सांगितलं नाही. पाकीट माझ्याकडेच आहे. आता पाठवलं तर त्याला कळेल की तुम्ही हात पुढे केला होतात आणि मध्ये मी उभी होते. तुम्हाला मी भीत नाही, बाबा, तुम्ही आता काय विचारणार. पण तो विचारेल.

परवा फोनवर तो गमतीतच बोलत होता. घर बघायला कोण कोण येतं, शेजारीण कशी रडली. मग म्हणाला, "तीस वर्षं काढली गं इथे. पण बाबांना हे गाव नकाशावर शोधूनसुद्धा सापडलं नसतं."

मी हसले. म्हणाले, "हो ना, त्यांना कुठलं सापडतंय."