तालीम कोणाची, ढोल कोणाचा

मी, इसोगाई तोकिए, कै. गेन्झो इसोगाई यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शस्त्रविद्या शिकवणे व पाहुण्यांच्या गाद्या घालणे, राहणार नागुरेजिमा बेट, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, तो फोनवरच संपला.

याआधीचे मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे. हे शांत डोक्याने केले आहे. राग तोच आहे.

कलम १. राहते घर व पाहुण्यांच्या चार खोल्या मुलगा शूहेई, मुक्काम ओसाका, यास द्याव्यात. त्याच्या वडिलांच्या पश्चात तालमीत शिष्य उरले नाहीत, तेव्हा हाच म्हणाला होता, "आई, परदेशी लोकांना बोलाव. 'दोन दिवसांत सामुराई' असा फलक लाव."

"तुझ्या वडिलांना चाळीस वर्षांत जमलं नाही रे."

"म्हणूनच दोन दिवस म्हणतोय. चाळीस वर्षांची रजा कोणाला मिळते?"

सदर फलकही त्यालाच द्यावा. त्याने तो आपल्या दिवाणखान्यात लावावा आणि सुनेची परवानगी स्वतः काढावी.

कलम २. आमची संस्कृती अनुभवायला जे पाहुणे आले त्यांना माझे आशीर्वाद. त्यापलीकडे काही नाही. ते किमोनोचा उजवा पदर वर घेत, म्हणजे आमच्याकडे प्रेताला नेसवतात तसा, आणि हसतमुखाने फोटो काढत. अशी चार प्रेते न्याहारीला बसून दुसऱ्यांदा भात मागू लागली की माझीच भूक मरायची. पहिल्या दिवशी मी त्यांना नागिनाता शिकवी. लांब दांड्याला वाकडे पाते, असले आमचे हत्यार. त्यातले ओरडणे त्यांना ताबडतोब येई. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या ट्रकच्या जुन्या टायरांवर ढोल शिकवी. खरा ढोल देवळात, आणि त्याला बाईने हात लावायचा नाही असा गावचा दंडक. माझे माहेर मात्र ढोलघराला लागून होते, आणि भिंतीला कान लावू नये असे कोणी म्हटले नव्हते. सगळे ठोके मी तिथेच शिकले.

याला अपवाद एक. पोलंडची मागदा दोन दिवसांसाठी आली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, झाडू कुठे ठेवता?" तेव्हापासून इथेच आहे. आता मासळीवालीशी भाव करताना ती थेट माझ्या आईसारखी बोलते. माझी सर्व हत्यारे तिला द्यावीत.

कलम ३. कुरेमात्सु योइची, अध्यक्ष, उत्सव समिती, माझ्या यजमानांचे गुरुबंधू, यांच्याविषयी.

गेल्या शरदात ढोल वाजवायला गावात माणूस उरला नव्हता. तरुण शहरात, म्हातारे दवाखान्यात, उरलेले पालखीखाली. हे गृहस्थ माझ्या दारात आले.

"वहिनी, तुमच्या पाहुण्यांत पुरुष आहेत ना? ते वाजवतील का?"

"दोन आहेत. परवाच आलेत."

"चालतील. समितीनं ठराव केलाय."

"आणि त्यांना शिकवणारी?"

"वहिनी, परंपरा आहे हो."

म्हणजे परवा बोटीतून उतरलेला दाढीवाला परंपरेत बसला. या बेटावर जन्मलेली मी बसले नाही. मी चहा करायला बसले.

उत्सवात देवाची पालखी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरते आणि खांदेकरी ढोलाच्या ठोक्यावर पाय टाकतात. समितीने दोन्ही पाहुण्यांना मानाची साके पाजली होती. मान जरा जास्तच झाला. पालखी मधोमध असताना दाढीवाल्याच्या हातातले टिपरू उडाले, दुसरा हसत सुटला आणि ताल तुटला. पालखी कलंडली. पुढच्या दांडीखाली कुरेमात्सुंचाच मुलगा होता.

मी ॲप्रनसकट चौथऱ्यावर चढले, हसणाऱ्याच्या हातातली टिपरी काढून घेतली आणि ठोका धरला. कुरेमात्सु धावत आले.

"वहिनी, उतरा!"

"आधी तुमचा मुलगा उतरू दे!"

त्यांनी पायऱ्यांकडे पाहिले. मग खाली पडलेले टिपरू उचलून ते ढोलाच्या मागच्या बाजूला गेले आणि मला साथ देऊ लागले. पालखी सुखरूप उतरली.

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याकडून कळले की कुरेमात्सुंनी ढोल मीठ लावून शुद्ध केला. त्यानंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. सबब, त्यांना जाड्या मिठाचे एक पोते द्यावे. आणखी कोणकोणते ढोल बाटलेत, पाहून घ्यावे.

कलम ४. तालमीची इमारत, अंगण व टायर मागदाला द्यावेत. अट एकच: गावातली जी मुलगी ढोल शिकायला येईल तिला परत पाठवायचे नाही. शूहेईला कायद्याने मिळायला हवा तो वाटा कलम १ मध्ये पुरता येतो. मी वकिलाला विचारले आहे, भांडायला येऊन शूहेईने बोटीचे भाडे फुकट घालवू नये.

पुरवणी. हाती लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, पण मी माझ्या मुलाला ओळखते. म्हणून पोस्टातल्या नागामिने सातो यांना बोलावले. त्यांनी मला न विचारता कुरेमात्सुंना सोबत आणले. कुरेमात्सुंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले, "तिसरं कलम चुकलंय."

"मीठ लावलं नाहीत तुम्ही?"

"लावलं. मागच्या बाजूला. माझ्या." चष्मा काढून ते पुसत बसले. "पोरगा पडत होता आणि मी तुम्हाला उतरा म्हणत होतो. ते हात न धुता ढोलाला लावले, बाटवला तो मी. तुमच्या बाजूला मी बोटही लावलं नाही."

"हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही बोलत नव्हता."

"मी? तुम्ही बोलत नव्हता!"

"शिक्का मारायचाय की भांडायचंय?" सातोबाई म्हणाल्या. "मला पोस्ट उघडायचंय."

कुरेमात्सुंनी शिक्का मारला. मग दाराकडे बघत म्हणाले, "यंदा मागची बाजू मी धरतो. पुढं तुम्ही. समितीला विचारणार नाही."

मी मिठाचे कलम खोडायला घेतले. ते म्हणाले, "राहू द्या, लोणच्याला लागतं."

सबब, सर्व वारसांनी नोंद घ्यावी की शरदातला उत्सव पार पडेपर्यंत मला मरता येणार नाही. मागदा अंगणात टायर मांडून केव्हाची हाका मारते आहे.

ठिकाण: नागुरेजिमा
दिनांक: ३ जून, रेइवा सातवे वर्ष (सन २०२५)

सही व शिक्का: इसोगाई तोकिए

साक्षीदार:
१. नागामिने सातो, पोस्टमास्तर
२. कुरेमात्सु योइची, मागची बाजू