लॉकप आणि सुताचा हार

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायला बसलेय. येत असतं तर माझा हात धजावला नसता.

लोणावळ्याच्या स्टेशनापलीकडे इंजिनं राख टाकायची, तिथं तू अर्धवट जळलेला कोळसा वेचायचीस. बाबा गेल्यावर आपली चूल त्याच्यावरच चालायची. वेचायच्या सगळ्याच बायका, पण एका संध्याकाळी रेल्वेच्या शिपायानं नेमकं तुलाच धरलं आणि रात्रभर लॉकपमध्ये ठेवलं. सकाळी तू पदरानं तोंड पुसत येतेस. मी विचारते, "कुठं होतीस?" "लॉकपात," म्हणतेस आणि भाकरी थापायला बसतेस. लपवणं नाही, रडणं नाही. लाज वाटली ती मला. शाळेत मी सांगितलं, आई टाकव्याला मामाकडे गेली होती.

पुढे चळवळ आली आणि जेल या शब्दाला काय मान चढला म्हणून सांगू! येरवड्याहून सुटून आलेल्यांना लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. लॉकप मात्र चोराचिलटांचा तो चोराचिलटांचाच राहिला. तशात तळेगावचे खादीवाले मास्तर बायकोला घेऊन मला त्यांच्या मुलासाठी बघायला आले. मी पाटावर, तू दाराआड. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. "मुली, तुझी आई आत जाऊन आली म्हणे?" झालं! आता हे उठून जाणार. काही सुचायच्या आत मी बोलून गेले, "हो. जेलमध्ये होती. चळवळीत."

मास्तर ताडकन उठले. तुला बाहेर बोलावलं, पिशवीतून स्वतः कातलेल्या सुताचा हार काढला आणि बायकोला तुझ्या गळ्यात घालायला सांगितला. पांढराशुभ्र हार, आणि तुझी ती काळवंडलेली नखं. "कोणत्या जेलमध्ये होता, ताई?" त्यांनी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी डोळ्यांनीच गयावया केली.

"आपल्या हितल्याच," तू म्हणालीस.

पाहुणे गेल्यावर तू हार काढून खुंटीला अडकवलास. "त्यो लॉकप व्हता, पोरी."

"पण लग्न ठरलं ना, आई?"

"ठरलं की. पन चोर म्हनून धरलं, तवाबी मी मान खाली घातली न्हवती. आज तू घालाया लावलीस."

त्यानंतर तू माझ्या सासरी एकदाही आली नाहीस. नातवाच्या बारशालाही नाही. आली असतीस तर सासरच्यांनी चार बायका जमवून पुन्हा हार घातला असता, हे तुला पक्कं ठाऊक होतं. सासरे मात्र कौतुकानं म्हणायचे, "बाईंना मानपान नको, मन थोर." मी ताटं वाढत राहायची. तू शेवटची आजारी पडलीस तेव्हाही खुंटीवर तो हार तसाच होता, धुरानं पिवळा पडलेला. माफी मागायला आले होते गं मी. मागितली नाही.

काल धाकट्या नातीला शाळेत स्वातंत्र्यदिनासाठी घरातलं काही सांगायचं होतं. मांडीवर रेलून म्हणाली, "आजी, पणजी कोणत्या जेलमध्ये होती?" लॉकप हा शब्द अगदी ओठांवर आला होता, तुझी शपथ. घरातले सगळे ऐकत होते.

मी म्हणाले, "आपल्या हितल्याच."