दैवशालाच्या खोलीची कडी

मी, धोंडीबा लिंबाजी पोले, वय ६६, एसटीतून निवृत्त झालेला वाहक, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, आवाज तेवढा गेला आहे. घशाच्या कर्करोगामुळे डॉक्टरांनी स्वरयंत्र काढले. आता रोग मानेच्या गाठींत उतरला आहे आणि पुढे इलाज नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट शब्दांनी दुसऱ्यांवर दडपण आणणे हाच माझा आयुष्यभराचा उद्योग होता. सभेतून लोक उठून जातात. मृत्युपत्राच्या वाचनातून कोणी उठत नाही. म्हणून हे जरा लांबेल.

१. झरी शिवारातील जमीन मी माझ्या पगारातून घेतली. ती मुलगा हरिओम आणि पालमला दिलेली मुलगी सविता यांना निम्मी निम्मी. साडीचोळी करून सवितेकडून हक्कसोडीवर सही घेण्याचा उद्योग कोणी करू नये. बँकेतली ठेव पत्नी नर्मदाबाईला. मेंढरे हरिओमची. ती त्यानेच वाढवली आणि मेंढरांतले त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. अडचण तिथेच आहे.

२. माझी सगळी पुस्तके आणि भाषणाचा कर्णा सुगत वाव्हळे याला. त्याचे वडील भगवानराव आणि मी लोकांच्या गैरसमजांविरुद्ध गावोगाव एकाच व्यासपीठावरून बोललो. त्यांच्या वस्तीतल्या जयंतीत मी बोललो, आमच्या जत्रेत ते बोलले. पुस्तकांना वाळवी लागू देऊ नये. कर्ण्याची बटणे जाम होतात, तेव्हा हाताने थापटावे.

३. वर म्हटलेली अडचण सगळ्या वारसांना ठाऊक आहे, तरी कागदावर असावी म्हणून लिहितो. सून दैवशाला हिच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापाने खराब झाली आहे. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. तिसऱ्या वेळी वाचणार नाही, असे डॉक्टरांनी हरिओमला माझ्यादेखत सांगितले. तिला भूल देऊन कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करणे धोक्याचे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असल्याने तांबी बसवली तर अंगावरून इतके गेले की काढावी लागली. मी निरोधची पाकिटे आणून दिली, ती गोठ्याच्या कोनाड्यात उंदरांनी कुरतडली. तेव्हा सोपा रस्ता राहतो तो पुरुषाच्या नसबंदीचा. टाका नाही, पूर्ण भूल नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. तीन महिने सांभाळायचे, मग वीर्याची तपासणी करून खात्री करायची. मुलगा आहे, मुलगी आहे, म्हणजे तीही सबब नाही.

आम्ही मेंढरे पाळणारी माणसे. माझे वडील लाकडी चिमट्यात नस ठेचून मेंढे बडवायचे, म्हणजे खच्ची करायचे, आणि आम्ही पोरे पाय धरायचो. बडवलेल्या मेंढ्याचे काय होते ते आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून डॉक्टर 'नस' म्हणाला की आमच्या डोळ्यांपुढे तो चिमटा येतो. मी गावोगाव ओरडून सांगितले की मेंढ्याचे अंड निकामी करतात, माणसाचे जसेच्या तसे राहते. फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद करतात. मर्दपणाचा रस रक्तातून जातो, त्या नळीतून नाही. इच्छा राहते, ताकद राहते, वीर्यही येते, त्यात बीज तेवढे नसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन बायकांना ऑपरेशनला पाठवले.

मी फक्त बोललो नाही. हरिओम पाळण्यात असताना स्वतः शिबिरात जाऊन नसबंदी करून आलो, तेही गावाला सांगून. माझी आई चांगुणाबाई दारात बसून रडली, "माझ्या लेकराला मेंढ्यावाणी बडवून आणलं गं बाई." त्यानंतर मी वर्षानुवर्षे एसटीत घंटी ओढली, संपात घोषणा दिल्या, माईक बंद पडला तर तसाच बोललो. मी ठणठणीत होतो तोवर माझे शरीर माझ्या बाजूने साक्ष देत होते.

आता ते फितूर झाले आहे. मला कर्करोग तंबाखूने झाला. हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि मला ते मान्य आहे. पण पारावर लोक म्हणतात, "अण्णाला त्या ऑपरेशननं खाल्लं." त्यांना तसे वाटणारच. तंबाखू सगळ्यांच्या खिशात आहे, नसबंदी मात्र माझ्या एकट्याची झाली आहे. मी जितका खंगतो तितका हरिओमचा नकार पक्का होतो. मागच्या महिन्यात तो उशाशी बसून म्हणाला, "अण्णा, बडवलेला मेंढा बघितलाय न्हवं तुमी? कळपाच्या मागं मुकाट चालतो."

मी पाटीवर लिहिले, 'मी कधी मुकाट चाललो?'

त्याने पाटी वाचली. मग माझ्या गळ्यातल्या भोकाकडे बघितले. "आता चालायलाव की," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

हरिओम वाईट नाही. बायकोच्या गोळ्या तो स्वतः मोजून देतो. रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या एका वैदूकडून त्याने ताकदीची भुकटी आणली आहे. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे गणितही तिथलेच. ते खोटे आहे. ती भुकटी मोरीत ओतावी.

४. नर्मदाबाईला एक विनंती. माझ्या बाजूची साक्षीदार जगात एकच उरली आहे आणि ती तू आहेस. ऑपरेशननंतर मी नवरा म्हणून कुठे कमी पडलो का, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? मी पाटीवर हेच लिहिले तेव्हा तू अक्षर जोडत वाचलेस आणि पदर तोंडाला लावून हसलीस. "आवं, आई लेकाला हे कुठल्या तोंडानं सांगल?"

'मग सुनेला सांग.'

"सुनेला तर आजूनच न्हाई. भाषणं तुमी केलाव, त्यात मला नका वढू."

तुझे बरोबर आहे. चार हजार माणसांपुढे मी बोललो त्यापेक्षा तुझ्या एका वाक्यात जास्त जोर होता, आणि ते वाक्य या घरात बोलता येत नाही.

५. हरिओमने नसबंदी केली तरच जमीन त्याची, अशी अट घालावी असे मनात होते. वकील म्हणाले, ती टिकेल की नाही सांगता येत नाही. टिकली असती तरी मी घातली नसती. ज्याला पटवता आले नाही त्याला जमिनीच्या दोरीने ओढत नेले तर तो खरोखरच बडवायला नेलेला मेंढा होईल.

६. स्मशानात कोणीही भाषण करू नये. सुगतने कर्ण्यावरून डॉक्टरांचा कागद वाचावा, त्यातला 'तंबाखू' हा शब्द दोनदा. दहाव्याला माझ्या आवडीची म्हणून पुडी ठेवू नये.

७. राहते घर मी बांधले आहे. ते नर्मदाबाईच्या हयातीत तिचे, नंतर हरिओमचे. त्यातून पश्चिमेची खोली वगळली आहे. तिथे सध्या माझी पुस्तके आहेत आणि मी निजतो. माझ्यानंतर ती खोली, दारासकट, एकट्या दैवशालाच्या मालकीची. तिने तिथे निजावे. लग्न झाले म्हणजे बायकोने नाही म्हणायचे नसते, हाही एक गैरसमजच आहे आणि त्यावर मी फार उशिरा बोलू लागलो. दैवशाला सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, न्हाई म्हणलं तर ते रागवत न्हाईत, रुसून शेतातल्या आखाड्यावर जाऊन निजतात. मग मलाच कसं तरी हुतंय." तिची पाळी दोन दिवस लांबली की या घरात कोणाला घास गिळत नाही. दार कधी उघडायचे, ते तिने एकटीने ठरवावे. मी जाईपर्यंत काय, हे मला सांगता येत नाही. लवकर गेलेले बरे, असे या वर्षी पहिल्यांदा वाटले.

त्या दाराला आतून कडी नव्हती. मी हरिओमला पाटीवर लिहून परभणीहून आणायला सांगितली. त्याने कशासाठी ते विचारले नाही. काल दुपारी त्याने स्वतः भोके पाडून ती बसवली, आत जाऊन लावून बघितली आणि दार ओढून हलवले. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "घ्या अण्णा. आता भायेरून कुणी कितीबी ढकललं तरी न्हाई उघडायची."

ठिकाण : झरी, जि. परभणी
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५
सही : धोंडीबा लिंबाजी पोले

वरील मजकूर वाचून दाखवल्यावर धोंडीबा पोले यांनी मान हलवून तो कबूल केला व आम्हा दोघांसमोर सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही सही करत आहोत.

साक्षीदार :
१. सुगत भगवानराव वाव्हळे, झरी
२. योगीराज माणिकराव देशमुख, झरी