बापाला वाचवायचा पिक्चर

कुंभवली, रविवार

आये, तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय. कंपनीत बसून करायचं काम हाय, जेवण वेळेवर होतं. बोंबील वाळत टाकायला आता तुझ्यासंगती कोण येतं?

आज सुट्टी, म्हणून खोलीतल्या पोरींनी मोबाईलवर पिक्चर लावला. हिरो मागच्या काळात जातो, मेलेल्या बापाला वाचवायला. दहा वेळा जातो, तरी बाप दर वेळी नव्याच तऱ्हेने मरतो. एकदा तर डोक्यात नारळ पडून. सगळ्या पोट धरून हसल्या.

रूपल बोलली, "बापच येडा, घरात बसायचं ना!"

समिधा बोलली, "हिरोच पनवती हाय."

मला विचारलं तर मी "चांगला हाय" बोलले आणि भांडी घासायला उठले.

आये, त्या दिवशी बाबाला ताप होता. "बोटवाले आले तर नाय सांग," बोलून तू बोंबील टाकायला गेलीस. बोटीचा तांडेल दारात आला. मला त्याच्यासमोर तोंड उघडवेना. मीच बाबाला उठवलं. बोटीवर गेला तो परत आलाच नाय. तुला अजून वाटतं, तो आपणहून उठून गेला.

मला दहा वेळा नको, एकदाच जायला मिळू दे. दारात उभी राहून एवढंच सांगेन, बाबा झोपलाय.

तुझीच,
हिमानी