पोत्यांच्या भिंतीविषयी, नाव न घालता

बाबा, गेल्या रविवारी दुपारी माझा जीव भांड्यात पडला. सहा वर्षांनी पडला. हे सांगायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही, कारण ही सहा वर्षं मी जी गोष्ट लपवत होते ती मुख्यतः तुमच्यापासूनच. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. गेलेला माणूस कुठूनतरी बघत असतो असलं काही आपल्या घरात कोणी मानत नव्हतं, मीही मानत नाही, तरी लपवत होते. गोष्ट अशी की थायलंडमध्ये नोकरीला असताना मी तिथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, त्याखाली माझं नाव घातलं नाही, आणि त्या पत्रापायी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईची नोकरी गेली अशी माझी खात्री होती. आता मी जर्मनीत राहते, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला. ऑफिसातून आले, कपडे वाळत घातले आणि लिहायला बसले आहे.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, की नाव का नाही घातलं. तुमची पत्रं मला पाठ आहेत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक, म्हणजे कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं ते बघणारा माणूस, आणि तोच माणूस पेपरला लिहून कळवणार की कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीला तीन पाळ्या पाणी पोचलेलं नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पत्र मोठ्यानं वाचताय आणि आई भाकरी थापता थापता म्हणते, "अहो, हुद्दा तरी गाळा. सरकारी माणसानं पेपरात लिहायचं नसतं म्हणतात." तुम्ही म्हणता, "हुद्दा गाळला तर म्हणतील, ह्याला काय माहीत. आणि नाव गाळलं तर ते पत्र नाही, ती कुजबुज." मग कारणे दाखवा नोटीस आली, आणि पुढच्या पत्रानंतर बदली. आई चार दिवस तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही मात्र नव्या गावात सामान लागायच्या आधी तिथला कालवा बघून आलात.

मी सातवीत असताना शाळेतल्या पाण्याच्या टाकीत किडे झाले होते. मी मोठ्या बाईंना एक पत्र लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचं ठरवलं, आणि कच्चा कागद तुम्हाला सापडला. "सही कुठाय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, बाई मारतील. "मग मार खा. दोन पट्ट्यांत टाकी साफ होत असेल तर स्वस्तात पडलं." तुम्ही समोर बसून माझ्याकडून ते पुन्हा लिहून घेतलंत. पट्ट्या तीन बसल्या, टाकी मात्र त्याच आठवड्यात धुतली गेली. तुमचा मला तेव्हा इतका राग आला होता की तुमच्या हातचा चहा मी दोन दिवस घेतला नाही.

थायलंड म्हणजे तुमच्या लेखी बुद्धाचा देश. विहारात कोणीतरी तिथल्या भिक्खूंचा फोटो आणून लावला होता, त्यासमोर उभे राहून तुम्ही म्हणायचात, "जिथं सगळेच बौद्ध, तिथं गावकुसाबाहेर कोण राहणार?" पुण्याच्या कंपनीनं मला बँकॉकच्या कडेच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी पाठवलं तेव्हा मी निम्मी तुमच्या वतीनं गेले. आणि खरं सांगते, खूप काही आवडलं. सरकारी दवाखान्यात नावापुरते पैसे घेऊन गरिबातल्या गरिबाला तपासतात, ते बघून मला तुमचं शेवटचं दुखणं आणि व्हरांड्यातली खाट आठवायची. पण परक्या माणसाला तिथे दर नव्वद दिवसांनी जाऊन सांगावं लागे की बाबांनो, मी अजून त्याच पत्त्यावर आहे. राजकारण लाल आणि पिवळ्या शर्टांत वाटलेलं होतं. काही विषयांवर तोंड उघडायचं नाही, हे कोणी न सांगताही पहिल्या आठवड्यातच कळलं. मी काय, पाहुणी. पाहुण्यानं दुसऱ्याच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलू नये, असं माझे साहेब म्हणायचे, आणि मला ते सोयीचं वाटायचं.

माझ्या खात्यात तपासणीच्या टेबलावर एक बाई होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला 'पी' म्हणायची, म्हणजे आपल्याकडची ताई. तिथे कामावर सगळे एकमेकांना टोपणनावानंच ओळखतात. तिचं कागदावरचं नाव काय, हे तीन वर्षांत मी कधी विचारलं नाही. ती म्हाताऱ्या आईबरोबर कालव्याकाठी राहायची. दुपारी माझ्या डब्यातली भाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि परत मागायची. एकदा तिनं विचारलं, "तुमच्यात पण पंचशील घेतात ना? पाचही पाळतेस?" मी म्हटलं, चार. "कुठलं राहतं?" "खोटं बोलायचं." ती खो खो हसली आणि म्हणाली, "माझं दारूचं. आपण दोघी मिळून एक पूर्ण बाई होऊ."

मग तो पूर आला. उत्तरेकडून पाणी रोज थोडं थोडं खाली सरकत होतं, आणि मधलं शहर वाचवायचं असं सरकारनं ठरवलं. त्यासाठी उत्तरेच्या अंगाला वाळूच्या मोठाल्या पांढऱ्या पोत्यांची भिंत घातली. आमचा कारखाना आणि माझं भाड्याचं घर भिंतीच्या आत कोरडं, पीचं घर बाहेर. आत येणारं पाणी अडलं म्हणजे बाहेरचं चढणार आणि आठवडेच्या आठवडे तिथेच कुजणार, हे तुमच्या मुलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा, भिंत चूकच होती असं मी म्हणत नाही. राजधानी बुडाली असती तर मोठे दवाखाने, वीज, सगळंच बंद पडलं असतं. तुम्ही अधिकारी असता तर कदाचित तुम्हीही तीच भिंत घातली असती. पण तुम्ही आधी होडी करून पलीकडे गेला असता आणि सांगितलं असतं, की तुमच्याकडे इतके दिवस पाणी राहणार आहे, त्याच्या बदल्यात आम्ही हे हे करणार आहोत, आणि हा निर्णय माझा, हे माझं नाव. तिथे कोणी गेलं नाही. पलीकडच्यांना भिंतीची बातमी टीव्हीवरून कळली.

पी होडीनं भिंतीपर्यंत यायची, पोत्यांवरून चढून अलीकडे उतरायची, आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणून कारखान्याच्या फाटकाशी घालायची. एके दिवशी तिचे दोन्ही तळहात सोललेले होते. जेवताना हळूच म्हणाली, "काल आम्ही सगळ्यांनी मिळून पोती ओढली. हातभर फट पडली. सैनिकांनी सकाळी बुजवली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सहन झालं नाही. त्या संध्याकाळी मी एका बैठकीत पत्र लिहिलं. चांगलं होतं ते पत्र, तुमच्या वळणाचं होतं. त्यात मी लिहिलं की माझ्या खात्यात तपासणीला बसणारी एक बाई, जिचं घर कालव्याकाठी देवळामागे आहे, जी बूट पिशवीत घेऊन होडीनं कामावर येते, ती परवा पोती ओढणाऱ्यांत होती, आणि तिला दोष देण्याआधी ती कुठल्या बाजूला राहते ते बघा. खाली सही केली: एक परदेशी रहिवासी. तीन दिवसांनी ते छापून आलं. माझं नाव नाही आणि तिचा पत्ता जवळजवळ पूर्ण, हे मला छापल्यावर दिसलं. पेपर मी बॅगेच्या तळाशी ठेवला.

अकरा दिवसांनी पी कामावर आली नाही. ऑफिसातली मुलगी म्हणाली, ती आता येणार नाही. का, ते मी विचारलं नाही. खाई त्याला खवखवे. तिचा फोन लागेना. पाणी ओसरल्यावर तिच्या घरी गेले तर कुलूप, आणि भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. शेजारीही अजून परतले नव्हते. पुढे माझी मुदत संपली आणि मी इकडे आले.

इथे पत्ता एकदाच कळवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, मग कोणी विचारायला येत नाही. पण मी थायलंडच्या बातम्या वाचणं सोडलं नाही. लष्करानं सरकार हातात घेतलं, माणसांना चार ओळी लिहिल्याबद्दल उचलायला लागले, आणि प्रत्येक बातमीत मला सोललेले तळहात दिसायचे. शोधायचं म्हटलं तर नाव माहीत नाही. नवरा म्हणायचा, "अगं, तू स्वतःला फार मोठी समजतेस. तुझ्या पत्रानं सरकारं हलतात का?" मी त्याच्यावर चिडायचे. गंमत म्हणजे त्याचंच बरोबर निघालं.

आपला विहार इथे नाही, म्हणून आम्ही पाच-सहा मराठी घरं वैशाख पौर्णिमेला जवळच्या थाई विहारात जातो. मी स्वयंपाकघरात मदत करते. तिथे फ्रिजवर एक कागद लावला आहे: इथे राजकारण नाही. लाल-पिवळ्या दोन्ही बाजूंच्या बायका त्या कागदाखाली गुण्यागोविंदानं लसूण सोलतात. यंदा त्यातल्या सर्वांत वयस्क मावशींना मी सहज म्हटलं की मी तुमच्या देशात पुराच्या वर्षी होते. माझं थाई गंजलेलं, म्हणून आम्ही दोघी मोडक्या जर्मनमध्येच बोलतो. "आल्झो, म्हणजे नेमकं कुठे?" मी कालवा सांगितला, देऊळ सांगितलं, आणि न राहवून आई-मुलीचं ते घर सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. "देवळामागे? गेनाऊ, अगदी तीच, माझ्या मावसबहिणीची गल्ली ती. थांब, विचारते." मी नको म्हणेपर्यंत त्यांचा निरोप गेला होता. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात, तो जायला असा एक फोन पुरला. गेल्या रविवारी त्यांनी मला परत बोलावलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

फोनमध्ये पी होती. एप्रन घातलेली, मागे वाफाळतं पातेलं. आधी म्हणाली, "जाडी झालीस." मग म्हणाली, "छान दिसतेस." मी माझ्या गंजलेल्या थाईत, मध्ये मध्ये इंग्रजी घालत, सगळं एका दमात ओकून टाकलं: पत्र, पेपर, तिची नोकरी. ती गोंधळली. "कुठलं पत्र? इंग्रजी पेपरात? अगं, आमच्या कारखान्यात इंग्रजी पेपर कोण वाचत होतं?" तिच्या आईला त्या पुरात अर्धांगाचा झटका आला होता. स्वस्तातले सरकारी उपचार हवेत तर जिथं नाव नोंदलंय त्याच तालुक्यात जावं लागतं, म्हणून ती आईला घेऊन ईशान्येकडच्या आपल्या गावी गेली आणि तिथेच राहिली. फोन होडीतून पाण्यात पडला होता. आई पुढे चार वर्षं जगली, भिंतीला धरून चालायलाही लागली. पी आता शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. "ऑफिसला मी कळवलं होतं की. तुला नाही सांगितलं?" मी विचारलंच नव्हतं, बाबा. मला रडू कोसळलं, हसूही येत होतं, आणि मावशींनी माझ्यापुढे खलबत्ता सरकवला. म्हणाल्या, "रडायचंच आहे तर मिरच्या कूट, निदान काही कारण राहील." सगळ्या बायका हसल्या. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, आपलं एवढं पत्र कुणी वाचलंच नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

मग पीनं विचारलं, "पण लिहिलं काय होतंस?" मी आठवेल तसं सांगितलं, खालच्या बिननावाच्या सहीसकट. पोती ओढल्याचं आलं तेव्हा तिनं पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि मागे कोणी आहे का ते बघितलं. "ह्या गोष्टी फोनवर नकोत," म्हणाली. तरी तिनंच परत विचारलं, "नाव का नाही घातलंस?" मी म्हटलं, "तुला त्रास होईल म्हणून." ती म्हणाली, "मग मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, माझं घाल. घर माझं बुडालं होतं." आणि तिनं मला तिचं पूर्ण नाव सांगितलं. लांबलचक आहे, मला दोनदा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे नीट आलं.

तुला त्रास होईल म्हणून, हे मी तिला सांगितलं ते खरं नाही, बाबा. पत्र लिहिताना तिला होणाऱ्या त्रासाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. माझा व्हिसा जाईल म्हणून मी घाबरले होते. रविवारी हे तिला सांगायची चांगली संधी होती, आणि मी मान खाली घालून मिरच्या कुटत राहिले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून यात लिहिता आलं.