मिरियामापासून सुरक्षित अंतर

४ सप्टेंबर, सोमवार
आज मिरियामा पारातेनेला नापास केलं. मनाला जराही त्रास झाला नाही. एकोणीस वर्षं या पॉलिटेक्निकमध्ये समाजकार्याच्या वर्गाला नीतिमूल्यं शिकवतोय. प्रत्येक नापासाचा त्रास करून घेतला असता तर एव्हाना अल्सर झाला असता.

प्रकरण असं. बाई चोपन्न वर्षांची, नऊ नातवंडांची आजी. पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालायची. तिला फील्डवर्कसाठी एका तरुण आईच्या (आमच्या भाषेत 'सेवार्थी') घरी पाठवलं, तर पहिल्याच भेटीला ही डुकराचं मटण आणि पालेभाजीचं पातेलं घेऊन हजर. मग 'तू कोणाची गं?' करत त्या मुलीच्या पणजीपर्यंत पोचली, आणि दोघी नात्यातल्या निघाल्या. मग स्वतःच्या गेलेल्या मुलाबद्दल सांगितलं आणि दोघी रडल्या. हे सगळं अहवालात लिहूनही टाकलं, लपवावंसंसुद्धा वाटलं नाही. भेटवस्तू, नातेसंबंध, स्वतःचं खासगी आयुष्य: माझ्या तक्त्यातल्या तिन्ही रकान्यांत लाल फुली. त्या मुलीची दारू सुटली, मूल तिच्याकडेच राहिलं वगैरे मजकूर शेवटी होता. परिणामांना मार्क नसतात.

संकल्प: उद्यापासून सकाळी चालायला जाणे.

६ सप्टेंबर, बुधवार
चाललो नाही. फार दव होतं.

मिरियामा ऑफिसात आली. रडेल, मार्कांसाठी गयावया करेल असा अंदाज होता, म्हणून टिश्यूचा डबा आधीच पुढे सरकवून ठेवला होता. तिने तो बाजूला केला.

"मार्क राहू द्या," म्हणाली. "मी नीती सोडून वागले असं तुम्ही लिहिलंत ना? ते आमच्या मराएवर येऊन सांगा, माझ्या माणसांसमोर. ज्यांनी मला असं वागायला शिकवलं, त्यांनाही कळू दे."

मराए म्हणजे त्यांच्या माओरी कुळाची सभेची जागा. मी गोपनीयतेचा नियम सांगितला. ती म्हणाली, गुपित तिचं आहे आणि तिला ते ठेवायचं नाही. यावर नियमात काहीच नाही. एक कलम वाढवायला हवं.

विभागप्रमुख जिलियनकडे गेलो. या बाईला कणा नाही, नुसतं कार्डिगन आहे. म्हणाली, एक तर बैठकीला जा, नाहीतर तुझे तीन वर्षांचे सगळे पेपर बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवते. मी मोठ्या मनाने जायचं कबूल केलं. मिरियामाला डिसेंबरपासून आरोग्य केंद्रात नोकरी ठरली आहे, पण पदवी मिळाली तरच, आणि पदवी माझ्या एका पेपरावर अडली आहे, हे जिलियनने तीनदा ऐकवलं. नोकऱ्या बघून मार्क द्यायचे तर मी परीक्षक कशाला, रोजगार कचेरीच उघडतो ना.

संकल्प: दहा दिवसांत माओरी भाषा शिकणे. मोबाइलवर अॅप घेतलं.

९ सप्टेंबर, शनिवार
आकडे पाचपर्यंत आले. भाषा सोपी आहे, मला वेळ नाही.

राविरी घरी येऊन गेला. आमच्याकडचा माओरी लेक्चरर, वय चौतीस, कॉलेजात अनवाणी फिरतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही. त्याने समजावलं की तिथे एकट्याने जायचं नसतं. भाषण संपलं की आपल्या बाजूच्या माणसांनी उठून गाणं म्हणायचं, म्हणजे भाषणाला आधार मिळतो. माझ्याबरोबर कोण येणार, असं त्याने विचारलं. मी आठवून पाहिलं. मार्जरीशी घटस्फोटानंतर अकरा वर्षं वकिलामार्फतच बोलणं आहे. बहीण पर्थला. ब्रिज क्लबचा खेळ नेमका शनिवारीच असतो. त्याला सांगितलं की सत्याला कोरस लागत नाही. तो म्हणाला, मग मी येतो. म्हटलं, तुझे दोन्हीकडे संबंध, तुला कसं चालेल? तो हसून उठला आणि अनवाणीच निघाला. मुद्दा पोचला.

१३ सप्टेंबर, बुधवार
ओळख करून देताना आपला डोंगर कोणता, नदी कोणती, हे सांगावं लागतं. माझा जन्म पामरस्टन नॉर्थचा. तिथे परातीसारखं सपाट. शेवटी ऑफिसच्या खिडकीतून दिसणारा पुकेमारो घ्यायचं ठरवलं. एकोणीस वर्षं रोज बघतोय, इतका सलग दुसऱ्या कोणी बघितला नसणार.

अॅपने कळवलं की मी चार दिवस गैरहजर आहे. अॅप काढून टाकलं.

१६ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी ५
विजय. सविस्तर लिहितो.

मी एकटा, ते त्रेचाळीस. जिलियन होती, पण आल्या आल्या त्यांच्यात जाऊन बसली. आधी प्रत्येकाची ओळख, तिला अडीच तास. एकाही माणसाने आपली पदवी सांगितली नाही, नुसते आजे-पणजे. माझी पाळी आल्यावर मी त्यांच्याच भाषेत म्हणालो की पुकेमारो हा माझा डोंगर आहे. पहिल्या रांगेत मिरियामाची मावशी बसली होती, हेनी आंटी, नव्वदीची, तोंडात दात मोजकेच.

"आमचा डोंगर घेऊन टाकलास होय रे?" ती म्हणाली. "आमच्या आजोबांच्या वेळी जमिनी घ्यायला आलेले गोरे निदान कागद तरी घेऊन आले होते."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. संदर्भ लागला नाही, पण वातावरण मोकळं करायला माणूस लागतो, तो मी ठरलो.

मग माझं प्रेझेंटेशन. सत्तावीस स्लाइड्स. समोरची भिंत चांगली मोठी होती, पण तिच्यावर जुने फोटो, बहुतेक सगळे वारलेल्या माणसांचे. तासाभरासाठी उतरवून ठेवता का, असं मी अदबीने विचारलं. कोणीही जागचं हललं नाही. ऐकू आलं नसावं. लॅपटॉप छातीशी धरून बोललो. अठराव्या स्लाइडवर, 'भेटवस्तूंचे पाच धोके' इथे आलो, तर हेनी आंटीने बसल्या जागेवरून गाणंच सुरू केलं आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस उठून गायला लागले. माझ्या बाजूने गायला कोणी नाही म्हणून समोरचेच गायले. कॉलेजात असा प्रतिसाद जन्मात मिळाला नाही. नऊ स्लाइड्स राहिल्या, पण इतक्या भारावलेल्या लोकांना थांबवणं बरं दिसलं नसतं.

निर्णय: नापास ते नापास. पण मिरियामाने एका गरजू माणसाच्या भेटींवर नवा निबंध लिहायचा, माझ्या तत्त्वांना धरून. मुदत ३ नोव्हेंबर. तपासणारा मीच.

जेवायला थांबलो नाही. शिंपले, मटण, गरम पाव, सगळं दिसत होतं. परीक्षकाने विद्यार्थ्याकडचं खाल्लं तर त्याला दुसरा शब्द आहे. चार जण आग्रह करायला आले, चौघांना नियम समजावून सांगितला. चौघांचे चेहरे उतरले, म्हणजे पटलं. गाडीत केळं खाल्लं.

१८ सप्टेंबर, सोमवार
राविरीला ते गाणं कशाबद्दल होतं ते विचारलं. म्हणाला, गाण्याचा अर्थ जाऊ दे, बोलणारा थांबायचं नाव घेत नसला की आमच्या म्हाताऱ्या मध्येच गायला लागतात. तरुण माणसांत मत्सर फार.

२४ सप्टेंबर, रविवार
दुपारी बारा वाजता बेल. मिरियामा, हातात फॉइलने झाकलेलं ताट. हेनी आंटी म्हणते की त्या माणसाची हाडं दिसत होती आणि तो आमच्याकडून उपाशी गेला, ते तिला झोपू देत नाही. मी नियम सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतला, ताट पायरीवर ठेवलं आणि गेली.

अन्न फेकणं अनैतिक. म्हणून खाल्लं. पुराव्यासाठी फोटो काढायचा होता, राहिला.

१ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा ताट. या वेळी पायरीवर बसली. माझ्या गुलाबांवर मावा पडलाय म्हणाली. मग माझी आई कुठली, असं विचारलं. हा विषय आपल्या कक्षेत येत नाही, हे मी स्पष्ट केलं. नंतर जुजबी माहिती दिली. पाऊण तास.

संकल्प: पुढच्या रविवारी दार न उघडणे.

८ ऑक्टोबर, रविवार
दार उघडलं, कारण बेल बिघडेल इतकी वाजवत होती. मेंढीचा रस्सा. आईच्या आजारपणाचं राहिलं होतं, तेवढं सांगितलं.

२२ ऑक्टोबर, रविवार
वाट पाहत नव्हतो. पडदे धुवायला काढले होते म्हणून रस्ता दिसत होता. बारा वीसला आली. वीस मिनिटं उशीर. या लोकांना वेळेचं भान नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार
सहावं ताट. रताळी कमी होती. बोललो नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
मिरियामाने निबंध आणून दिला. मुदतीच्या दिवशी, वेळेत. टेबलावर ठेवताना म्हणाली, "तुम्हाला हवं होतं तसंच लिहिलंय. पण खोटं एक अक्षर नाही."

काही तरी अजून बोलेल असं वाटलं. ती दार लावून गेली. उद्या तपासतो.

४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११
निबंध उत्तम. विश्वास बसत नाही. एक पुरुष, वय अठ्ठावन्न, सुशिक्षित, एकटा राहतो. मदत नको म्हणतो आणि मदत करणाऱ्यालाच उपदेश करतो. समासात लिहिलं: 'नमुनेदार अहंकार. अचूक टिपला आहे.' पुढच्या पानावर: 'स्वतःच्या एकटेपणाला हा माणूस तत्त्व समजतो, हे निरीक्षण सुरेख.' आणखी पुढे: 'असल्या सेवार्थींपासून सावध राहा.'

११.४०
चौथं पान. सेवार्थी ताट घासून, पुसून परत देतो पण कधी काही बोलत नाही. दोन वेळा तो पडद्यामागे उभा राहून रस्त्याकडे बघताना दिसला. पडदे धुवायला गेले तेव्हा नुसताच उभा होता.

दुपारी ३
शेवटचं पान तीनदा वाचलं. ती लिहिते की तिने सहा वेळा जेवण नेलं, स्वतःच्या मुलाबद्दल सांगितलं, सेवार्थीच्या आईबद्दल ऐकलं आणि त्याला तिच्या येण्याची सवय लागली. या विषयात शिकवलेल्या तत्त्वांप्रमाणे ही तिची चूक आहे. म्हणून तिने भेटी थांबवल्या आहेत. अठराव्या स्लाइडचा हवाला दिलाय.

५ नोव्हेंबर, रविवार
बारा वाजले. एक वाजला.

ते खरंच लिहिलं होतं तर.

७ नोव्हेंबर, मंगळवार
दोन दिवस विचार केला. 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारता येतो. मग तिला भेटींचा पुन्हा अभ्यास करावा लागेल, म्हणजे निदान पाच-सहा रविवार. शेरा पेन्सिलीने लिहून बघितला. पण मग तिची डिसेंबरची नोकरी जाते. शिवाय निबंधात चूक एकही नाही. एकोणीस वर्षांत माझं म्हणणं इतकं नीट कोणालाच कळलं नव्हतं.

खरं तर मी हे जिलियनला कळवून पेपर राविरीकडे द्यायला हवा. मग मी सहा ताटं खाल्ली हेही कळवावं लागेल. त्यासाठीचा फॉर्म मीच तयार केला आहे आणि तो फार लांबलचक आहे.

ए ग्रेड दिली. समासातले शेरे खोडायचे राहून गेले.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
मिरियामा कॉरिडॉरमध्ये भेटली. थँक यू, डॉक्टर ऑर्चर्ड, म्हणाली. हात पुढे केला, हस्तांदोलन केलं आणि गेली. अगदी पुस्तकात दिलंय तसं.

मला विचारायचं होतं की मावशी कशी आहे.

२६ नोव्हेंबर, रविवार
तिचं शेवटचं ताट माझ्याकडेच राहिलं आहे. परक्याची वस्तू ठेवून घेणं योग्य नाही, म्हणून आज मराएवर गेलो. तिच्या नोकरीची तिथे आज मेजवानी आहे असं जिलियनकडून कळलं होतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. ताट रिकामं कसं द्यायचं, म्हणून सुपरमार्केटातले स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, ठेवले. लेबल काढलं.

फाटकाशी बारा वाजता पोचलो. पाहुण्याने बाहेर थांबायचं आणि आतल्या बायकांनी हाक घातली की मगच पाऊल टाकायचं, हे राविरीने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. थांबलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. हेनी आंटीचा ओळखू आला. मेंढीच्या रश्श्याचा वास येत होता. एक पावाची गाडी आली. ड्रायव्हर मला बघून हसला, 'चला ना' असं हाताने म्हणाला आणि मागच्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात शिरला. मी गेलो नाही. त्यांची रीत त्यांच्यापेक्षा मला जास्त समजली, असंच म्हणायचं.

पन्नास मिनिटं उभा होतो. हाक आली नाही. मी आलोय हे आत कोणाला माहीतच नव्हतं, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. पण त्याआधीच ताट फाटकापाशी ठेवलं होतं.

घरी येऊन टोस्ट केले. दोन. एक उरला.